पायांची फेरजबानी

मनुष्याच्या अवयवांना निसर्गाने आपापली कामे नेमून दिली असली, तरी स्वतःच्या प्रकृतीविषयी लेखी निवेदन सादर करण्याची पाळी जेव्हा पायांवर येते, तेव्हा ते बिचारे जन्माचे मुके असल्यामुळे त्यांना आपले वकीलपत्र अखेर जिभेच्याच हवाली करावे लागते. आणि जीभ ही वकील म्हणून जितकी तरबेज, तितकीच साक्षीदार म्हणून बेभरवशाची आहे, हे ज्याने आपली सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या भाषांतर विभागात इतरांच्या जबान्या इंग्रजीत उतरवण्यात घालवली आहे, त्याला निराळे सांगावे लागत नाही.

या अनुभवाच्या जोरावर म्हणा, किंवा निवृत्त मनुष्य मानधनाचा विषय न काढता केवळ चहावर येतो या सार्वत्रिक समजुतीच्या आधारे म्हणा, आमच्या शहरातील एका फिजिओथेरपी महाविद्यालयाने मला एका समितीवर भाषेचा जाणकार म्हणून पाचारण केले. (सरकारी पाटीवर या शास्त्राला भौतिकोपचार असे भारदस्त नाव असते, रुग्ण त्याला नुसते ‘व्यायामाचं डिपार्टमेंट’ म्हणतात.) समितीपुढील प्रकरण असे होते की, पायांच्या कार्यक्षमतेविषयीची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणण्यात आली होती, आणि मराठीत उतरल्यानंतरही ती विश्वासास पात्र राहिली आहे किंवा कसे, याची रीतसर रुजुवात करावयाची होती.

मूळ दस्तऐवज मोठा घरंदाज आहे. जिल बिंकली, पॉल स्ट्रॅटफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९९ साली ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘लोअर एक्स्ट्रिमिटी फंक्शनल स्केल’ हे त्याचे संपूर्ण नाव. त्यात कंबरेखालच्या आयुष्याविषयी २० प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ४ असे गुण आहेत: ० म्हणजे ती गोष्ट मुळीच जमत नाही किंवा जमवताना प्राण कंठाशी येतात, आणि ४ म्हणजे कसलीही अडचण नाही, अर्थात ज्याचे पाय सर्वार्थाने धडधाकट आहेत, त्याला ८० पैकी ८० गुण मिळतात. उत्तर अमेरिकेतील १२ बाह्यरुग्ण चिकित्सालयांतल्या १०७ रुग्णांवर कर्त्यांनी ही प्रश्नावली पारखून पाहिली, आणि रुग्णांना एक-दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारले असता दोन्ही खेपांच्या उत्तरांचा मेळ ०.९४ इतका बसल्याचे नमूद केले. या मापात १ म्हणजे तंतोतंत मेळ आणि ० म्हणजे निव्वळ गोंधळ, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती अभिमानास्पद आहे ते कळते. आमच्या न्यायालयात एवढा मेळ मी फक्त दोन्ही पक्षांच्या वकिलांनी तारीख मागताना पाहिलेला आहे.

परक्या भाषेतली प्रश्नावली स्वभाषेत आणण्याचेही एक शास्त्र असून त्याचे नियम डॉर्कस बीटन आणि मंडळींनी २००० साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात ग्रथित केले आहेत. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, त्यांपैकी एक विषयाचा जाणकार आणि दुसरा विषयाबाबत पूर्ण अनभिज्ञ असावा (ही दुसरी जागा भरण्यास आमच्याकडे मुळीच अडचण पडली नाही). मग दोन्ही खर्ड्यांचा मिळून एक खर्डा करावा. मग ज्यांनी मूळ इंग्रजी कागद पाहिलेलाच नाही अशा दोघांनी तो पुन्हा इंग्रजीत न्यावा, आणि हे दोघे जन्माने इंग्रजी भाषिक असावेत. आता मराठी जाणणारा जन्मजात इंग्रज ही वस्तू, १८३१ साली आपला कोश सिद्ध करणारे मोल्सवर्थ आणि शालेय पुस्तकांतल्या मराठीवर करडी नजर ठेवणारे मेजर कँडी यांच्यानंतर आपल्याकडे सहसा आढळत नाही. तेव्हा न्यू जर्सीत वाढलेली एका प्राध्यापकांची नात आणि तिची मावसबहीण, या दोघींवर तो प्रसंग निभावून नेण्यात आला. त्यांच्या कामाचा दर्जा उत्तम होता. पुढे समितीच्या बैठका झाल्या, तीस-चाळीस रुग्णांना मसुदा वाचून दाखवण्यात आला, दुरुस्त्या झाल्या. हा सर्व भाग मी येथे भरभर उरकतो आहे, कारण प्रत्यक्षात तो अजिबात भरभर उरकला नव्हता आणि त्या बैठकांतील चहाचीही मला आठवण नको आहे.

तथापि प्रश्नांच्या स्वरूपाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ज्या देशात प्रश्न जन्माला येतो त्या देशाचे घर, गल्ली आणि न्हाणीघर ही त्याच्या अंगाला चिकटून येतात. मूळ प्रश्नावलीस वाटते की मनुष्य टबात उतरून स्नान करतो. आमचा रुग्ण बादलीपुढे पाटावर किंवा हल्ली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, देवाचे नाव आणि नळाच्या पाण्याची वेळ यांच्या धाकात चार तांबे अंगावर घेतो. मूळ प्रश्नावली दोन ‘ब्लॉक’ चालण्याविषयी विचारते. पण ज्या नगरातले रस्ते चौकोनी आखणीने नव्हे, तर मारुती, शनी आणि गणपती यांनी जेथे जेथे बैठक मारली तेथून वळसा घेऊन तयार झाले, तेथे अंतर ब्लॉकांत मोजण्याची सोय नाही. शेवटी ‘शनिपारापासून मंडईपर्यंत’ असे लिहावे ही माझी सूचना, हा कागद उद्या लातूर आणि चंद्रपूर येथेही जावयाचा आहे, या सबळ कारणास्तव फेटाळण्यात आली आणि मीटरांचा आश्रय घेण्यात आला. मोटारीच्या शेजारी रिक्षा बसवण्यात आली. एका मजल्याएवढ्या दहा पायऱ्या चढण्याची कल्पना मात्र चाळींच्या महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

खरी गंमत शेवटच्या प्रश्नांत होती. सपाट जमिनीवर धावणे, खडबडीत जमिनीवर धावणे, वेगाने धावता धावता एकदम वळण घेणे आणि एका पायावर उड्या मारणे, अशी चार कर्मे त्या यादीत असून रुग्णाने ती सध्या केली नसली, तरी केली असती तर किती अडचण आली असती याचा अंदाज द्यावा असा संकेत आहे. आमच्या रुग्णवर्गातील बहुसंख्य स्त्रिया साठीच्या पुढच्या. त्यांच्या आयुष्यात धावणे हे एसटी सुटताना संपले होते. एका आजींना ‘वेगानं धावताना अचानक वळता येतं का’ असे विचारता त्यांनी क्षणभर विचार करून, मागील पावसाळ्यात गल्लीतले कुत्रे मागे लागले तेव्हा आपण वाण्याच्या दुकानात वळलो होतो, असे प्रामाणिकपणे सांगितले आणि गुण मात्र आपण होऊन ३ घेतले. उलट मांडी घालून बसता येते का, पंगतीत जेवून हात न टेकता उठता येते का, पाळण्याच्या दोरीपाशी किंवा सत्यनारायणाच्या चौरंगापुढे जमिनीवरची बैठक टिकते का, याविषयी त्या कागदात चकार शब्द नाही. उकिडवे बसण्याचा एक प्रश्न तेवढा आहे, आणि त्या एका प्रश्नावर आपल्या संस्कृतीचा अर्धा भार तोलून धरला आहे. ज्याला ८० पैकी ७६ मिळाले, तो गृहस्थ मुंजीच्या पंगतीत खुर्ची मागतो, असे दृश्य मी पाहिले आहे. यावर नवे प्रश्न घालावेत असे कोणीतरी सुचवताच अभ्यासाच्या मार्गदर्शक बाईंनी समितीला समज दिली की, प्रश्न वाढवले तर ती मूळ प्रश्नावली राहत नाही, ८० चे माप मोडते, आणि मग जगातल्या इतर पायांशी आपल्या पायांची तुलना करता येत नाही. जगाशी तुलना व्हावी यासाठी मांडीचा बळी देण्यात आला.

येथवर झाली ती पूर्वतयारी. खरे प्रकरण पुढे आहे. कारण भाषांतर कितीही सुबक झाले तरी ते विश्वासार्ह आहे असे शास्त्र तोपर्यंत मानत नाही, जोपर्यंत त्याच मनुष्याला, त्याच पायांविषयी, तेच प्रश्न, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा विचारले जात नाहीत आणि दोन्ही जबान्या शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या जात नाहीत. मापनातील चुकीमुळे दोन गोष्टींतला खरा संबंध झाकला जातो, हे १९०४ साली ज्यांनी गणिताने दाखवून दिले, ते चार्ल्स स्पिअरमन फौजेतली अधिकाऱ्याची नोकरी सोडून मानसशास्त्राकडे वळले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. फौजेत प्रश्न एकदाच विचारतात.

दोन जबान्यांत अंतर किती असावे, याविषयीचा विचार मोठा मार्मिक आहे. अंतर फार थोडे ठेवले, तर रुग्णाला आपली आधीची उत्तरे आठवतात आणि तो पायाला न विचारता स्मरणशक्तीला विचारून लिहितो. फार ठेवले, तर मध्यंतरी पायच बदलतो, आणि मग उत्तरे निराळी आली तर दोष कागदाचा की गुडघ्याचा हे कळेनासे होते. म्हणून साधारण एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवण्याची वहिवाट आहे. शिवाय दुसऱ्या खेपेस रुग्णाला एक जादा प्रश्न विचारतात, की मागच्या खेपेपासून तुमच्यात काही फरक पडला आहे काय. आणि जो ‘पडला’ म्हणेल त्याचे नाव त्या हिशेबातून वजा करतात. विश्वासार्हता सिद्ध करण्यासाठी ज्याला कसलाही गुण आलेला नाही असा रुग्ण हवा असतो, आणि असे रुग्ण पुरेशा संख्येने मिळणे ही उपचार करणाऱ्या विभागाच्या दृष्टीने मोठी नाजूक बाब असल्यामुळे तिचा उल्लेख बैठकीत दबक्या आवाजातच होत असे.

आता मला जे खटकले ते सांगतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १४५ असे होते की, साक्षीदाराची पूर्वीची लेखी जबानी त्याच्यासमोर ठेवून त्याला विसंगतीबद्दल विचारता येत असे, आणि त्या कलमाच्या बळावर वकिलांच्या कित्येक पिढ्यांची घरे उभी राहिली. म्हणजे विसंगती हा साक्षीदाराचा दोष, हे न्यायालयालाही मान्य आहे. परंतु ज्याची जबानी पोलिसांपुढे, दंडाधिकाऱ्यांपुढे आणि सत्र न्यायालयापुढे स्वल्पविरामासह सारखी येते, त्याच्याकडे कोणताही मुरलेला न्यायाधीश चष्म्यावरून पाहतो आणि मनातल्या मनात ‘पढवलेला दिसतो’ अशी नोंद करतो. खऱ्या साक्षीदाराच्या सांगण्यात घड्याळ दहा-पाच मिनिटांनी पुढेमागे होतेच. तेव्हा जे शास्त्र १ या आकड्याकडे डोळे लावून बसले आहे, त्याला पढवलेला रुग्ण आणि प्रामाणिक रुग्ण यांतला भेद कसा कळावा, या शंकेने मला ग्रासले, आणि तिच्या निरसनार्थ मी बाह्यरुग्ण विभागात, भाषेविषयी काही अडचण आल्यास जाणकार हजर असावा या सबबीखाली, भिंतीलगतच्या बाकावर बसू लागलो.

पढवलेला साक्षीदार पहिल्याच सकाळी भेटला. ते एक निवृत्त मुख्याध्यापक होते. पहिल्या खेपेस त्यांनी प्रश्नावली हाती घेतली ती उत्तरपत्रिका म्हणून. एकूण गुण किती, उत्तीर्ण होण्यास किती लागतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात काय, अशी चौकशी करून त्यांनी ती सोडवली, बेरीज स्वतःच केली आणि खाली रेघ मारली. दुसऱ्या खेपेस ते आले ते मागील उत्तरांची नक्कल खिशात घेऊन. प्रश्नावली भरून घेणाऱ्या विद्यार्थिनीने ती पाहण्यास विनयपूर्वक मनाई केली, तेव्हा ‘बाळ, मी शब्द फिरवणारा माणूस नाही’ असे तिला ऐकवून त्यांनी वीसच्या वीस उत्तरे मुखोद्गत लिहून दिली. त्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजून दुप्पट झाला होता हे सर्वांना दिसत होते. पण चारित्र्याची आणि गुडघ्याची गाठ पडली की गुडघ्याने हार मानावी, ही त्यांच्या पिढीची शिकवण होती. फरक पडला आहे काय, या प्रश्नालाही त्यांनी बाणेदारपणे ‘नाही’ असेच उत्तर दिले. आकड्यांच्या दृष्टीने त्या संपूर्ण अभ्यासात त्यांच्यासारखा आदर्श रुग्ण दुसरा नव्हता.

दुसरे टोक एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या गृहस्थांचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ४० टक्के ही मर्यादा अनेक सवलतींचे दार उघडते, एवढी त्यांची कायदेविषयक तयारी पक्की होती, आणि पाय, कागद व गुण या तीन गोष्टी एकत्र आल्या की तेथे दाखला असणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते. पहिल्या जबानीत त्यांना अंथरुणात कुशीवर वळणेही अशक्य होते. दोन आठवड्यांच्या आत त्यांना कोणीतरी सांगितले की, या कागदाचा दाखल्याशी काडीमात्र संबंध नाही. दुसऱ्या जबानीत ते खडबडीत जमिनीवर धावू लागले. दोन्ही खेपांना पाय तोच होता आणि दोन्ही खेपांना तो त्याच चपलेतून आला होता.

पण गुणांकाचे सर्वांत मोठे वैरी हे असले चतुर लोक नव्हेतच. सर्वांत मोठी वैरीण म्हणजे भीड. प्रश्न वाचून दाखवणारी मुलगी दुसऱ्या वर्षातली, रोज सकाळी त्याच काकांचा गुडघा घेऊन पंधरा मिनिटे त्यांच्याकडून व्यायाम करवून घेणारी. तिने समोर बसून ‘काका, जिना उतरताना किती अडचण येते?’ असे विचारले असता, ‘पुष्कळ’ असे म्हणून त्या पोरीच्या मेहनतीवर पाणी ओतण्याइतका दगडाच्या काळजाचा मनुष्य महाराष्ट्रात विरळा. काका म्हणतात, ‘आता बरंच बरं आहे, बाई.’ तिने पाचांपैकी एक पर्याय निवडा असा आग्रह धरला की ते म्हणतात, ‘तुला जो योग्य वाटेल तो लिही.’ आणि त्याच काकांना तासाभराने फाटकाबाहेर पानाच्या गादीशी गाठून विचारले, तर तेच जिन्याविषयी असे काही बोलतात, की ते पाचांपैकी कोणत्याही पर्यायात बसत नाही आणि छापताही येत नाही.

सासवांची गोष्ट आणखी निराळी. सासूबाईंबरोबर सूनबाई आलेली असते, आणि प्रश्न सासूबाईंना विचारला तरी उत्तर सूनबाई देते. ‘घरातली हलकी कामं करताना अडचण येते का, आजी?’ ‘त्यांना नाही येत,’ सूनबाई म्हणते, ‘त्या करतच नाहीत.’ सासूबाई गप्प. पुढच्या खेपेस सूनबाईऐवजी लेक येते, आणि मग त्याच आजींना त्याच घरातली जड कामेसुद्धा, केवढ्या यातना सोसून, एकटीला करावी लागतात असे आढळून येते. समितीने यावर तोडगा म्हणून नातेवाइकांना बाहेर बसवण्याचा ठराव केला. ठराव एकमताने संमत झाला आणि अंमलात एकदाही आला नाही.

ज्या आजींमुळे ते सारे शास्त्र क्षणभर निरुत्तर झाले, त्या वारकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, दोन्ही गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. पहिल्या खेपेस एक मैल चालण्याचा प्रश्न आला.

‘आजी, एक मैल चालायला किती त्रास होतो?’

‘कुठं जायाचं हाय?’

‘कुठं नाही आजी. नुसतं चालायचं.’

‘नुसतं कशापायी चालायचं?’

विद्यार्थिनीने सूचनांचे पान उलटून पाहिले. तेथे याचे उत्तर नव्हते. ‘समजा, दवाखान्यात यायचंय,’ ती म्हणाली. वस्तुतः असे काही समजायला सांगण्याची तिला मुभा नव्हती. ‘दवाखान्यात?’ आजी म्हणाल्या, ‘बया, फाटकापासनं हितवर आले तर जीव गेला माझा.’ शून्य मांडण्यात आले. दुसरी खेप आली तेव्हा आषाढ तोंडावर होता, ज्ञानोबांची पालखी पुण्यात यावयाची होती, आणि आजींची वळकटी बांधून झाली होती. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी त्यांनी कुठे जायचे हे विचारलेच नाही. कारण आता जायचे ठिकाण त्यांच्या मते सर्वांना ठाऊक होते. ‘काय बी तरास न्हाई.’ आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पडते. त्या हिशेबाने एक मैल ही विचारण्याजोगी बाबच नव्हती. चार मांडण्यात आले. मग जादाचा प्रश्न: मागच्या खेपेपासून गुडघ्यात काही फरक? आजींनी लुगडे सावरून गुडघ्याकडे पाहिले आणि न्यायनिष्ठुरपणे सांगितले, ‘काडीचा फरक न्हाई. हाय तस्सा हाय.’

नियमाप्रमाणे त्या ‘प्रकृती स्थिर’ या सदरात राहिल्या आणि त्यांच्या दोन्ही जबान्या हिशेबात धरल्या गेल्या. मार्गदर्शक बाईंच्या चेहऱ्यावर त्या रात्री गुणांकाची चिंता स्पष्ट दिसत होती. पण खोटे कोण बोलले, असे मला कोणी विचारले तर दोन्ही दिवशी आजी खरेच बोलल्या असे मी शपथेवर सांगेन, आणि मुख्याध्यापकांबाबत मात्र शपथ घेण्यापूर्वी थोडा वेळ मागून घेईन.

माझ्या शंकेचे निरसन अखेर संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी केले, आणि ते करताना त्यांनी आपल्याच शास्त्राची जी पोलखोल केली तिच्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हा मेळाचा गुणांक काढतात कसा, तर माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसाच्या दोन जबान्यांतला फरक यांची बेरीज करून तीत पहिल्याचा वाटा किती, हे पाहतात. (याचेही १९७९ साली श्राउट आणि फ्लाइस यांनी सहा प्रकार सांगितले असून, कोणता वापरला हे न सांगता नुसता आकडा छापणे हे नोंदणी क्रमांकाशिवाय खरेदीखत दाखवण्यापैकी समजले जाते.) याचा परिणाम असा, की रांगेत एका बाजूला घोटा मुरगळलेला तरणाबांड कबड्डीपटू आणि दुसऱ्या बाजूला खुबा मोडून अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील, तर दोघांची उत्तरे चार-दोन गुणांनी इकडेतिकडे हलली तरी गुणांक ऐटीत वर राहतो, कारण त्या दोघांमधली दरीच केवढी तरी रुंद असते. उलट विठ्ठलमंदिराच्या कट्ट्यावरची आमची निवृत्तांची मंडळी, जिच्यात सर्वांचे गुडघे एकाच सुमाराचे झिजलेले, तिला तोच कागद दिला आणि ती तेवढीच हलली, तर गुणांक लाजिरवाणा खाली येतो. कागद तोच, प्रश्न तेच, प्रामाणिकपणाही तोच. तेव्हा ‘ही प्रश्नावली विश्वासार्ह आहे’ हे विधान अर्धवट असते; ती कोणत्या माणसांत विश्वासार्ह ठरली, हे सांगितल्यावाचून ते पुरे होत नाही. निदान पन्नास तरी माणसे घ्यावीत आणि गुणांक ०.७० च्या खाली नसावा, एवढा दंडक या शास्त्रातल्या जाणकारांनी घालून दिला आहे.

आणि फाजील मेळाचा संशय? तोही त्यांना येतो, हे ऐकून मला सहकारी भेटल्याचा आनंद झाला. एकाच बैठकीतली वीस उत्तरे आपसांत कितपत जुळतात हे पाहण्यासाठी ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली ज्याचा पुरस्कार केला, तो ‘अल्फा’ नावाचा आणखी एक गुणांक असतो. तो ०.७० च्या वर असला म्हणजे समाधान मानतात, परंतु ०.९५ च्या वर गेला की भुवया उंचावतात आणि म्हणतात, की येथे वीस प्रश्न नसून एकच प्रश्न वीसदा विचारलेला दिसतो. आमच्या न्यायाधीशांच्या चष्म्यावरून पाहण्याला या शास्त्रात दशांश चिन्ह लाभले आहे, एवढाच काय तो फरक.

आमच्या अभ्यासाचा अंतिम आकडा प्रसिद्ध करण्याचा अधिकार विभागाचा आहे. तो सन्माननीय होता, आजी जमेस धरूनही होता, एवढेच मी सांगू शकतो. मुख्याध्यापकांनी त्याला मोठाच हातभार लावला.

मात्र या साऱ्या खटाटोपातून जी एक गोष्ट रुग्णाच्या प्रत्यक्ष उपयोगाची निघते ती समितीच्या अहवालात शेवटच्या पानावर लहान टायपात जाते, म्हणून येथे ठळक करतो. मूळ कर्त्यांच्याच हिशेबाने या मापात एका वेळच्या बेरजेला सुमारे ५ गुण इकडे किंवा ५ गुण तिकडे अशी चूक संभवते, आणि दोन खेपांच्या बेरजांत ९ गुणांचा फरक पडल्याशिवाय पायात खरोखर फरक पडला असे म्हणता येत नाही. आमच्या शेजारचे एक गृहस्थ महिनाभर नेमाने व्यायाम करून ४४ वरून ५० वर आले, तेव्हा त्यांनी विभागात अर्धा किलो कंदी पेढे आणले होते. विद्यार्थिनीने पेढा खाल्ला आणि ती काहीच बोलली नाही. शास्त्राच्या दृष्टीने त्यांची प्रगती शून्यापासून निराळी ओळखता येत नव्हती. तेव्हा ही प्रश्नावली उद्या ज्या कोणा वाचकाच्या हाती येईल त्याला माझी एवढीच विनंती आहे, की चष्मा बरोबर न्यावा, सूनबाईंना चहा आणायला पाठवावे, मागे काय लिहिले होते ते आठवू नये, कारण कागद आजच्या पायाविषयी विचारतो. आणि ९ गुण भरल्याखेरीज पेढे वाटू नयेत.